अठ्ठाईचं पारणं करताना या चुका टाळा

जैनांच्या पर्युषणात अठ्ठाई, म्हणजे निव्वळ पाण्यावरचे सलग आठ उपवास, करणाऱ्याची आठ दिवस सगळं घर काळजी घेतं. उकळून गार केलेलं पाणी वेळेवर हातात मिळतं, येणारा-जाणारा सुखशाता विचारतो, रात्री कुणीतरी जवळ झोपतं. आठवा दिवस पार पडला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि घर पारण्याच्या तयारीला लागतं. खरी जपायची वेळ मात्र तिथूनच सुरू होते. आठ-दहा दिवस निव्वळ पाण्यावर राहिलेल्या शरीराला उपवासापेक्षा पारण्यानंतरचे पहिले चार-पाच दिवस जास्त जड जाऊ शकतात. ही गोष्ट तपस्वी घरांमध्येही पुरेशी माहीत नाही, म्हणून इतकं सविस्तर लिहितो आहे.

हे सगळं अठ्ठाईइतकंच सांगली-कोल्हापूरकडच्या दशलक्षण पर्वातल्या दहा दिवसांच्या उपवासांना आणि आंदोलनातल्या आमरण उपोषणांनाही लागू आहे. मासखमण, म्हणजे महिनाभराचा उपवास, करणाऱ्यांनी तर पारण्याची आखणी डॉक्टरांसोबतच करावी, घरच्या घरी नाही. नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा, वरी, बटाटा, दूध, फळं खाणाऱ्यांना हा विशिष्ट धोका सहसा नसतो, कारण त्यांचं खाणं बंद झालेलं नसतं. दसऱ्याला श्रीखंड-पुरीवर तुटून पडलं तर पोट बिघडेल, फार तर पित्त उसळेल. नऊ दिवस नुसत्या पाण्यावर किंवा कपभर दुधावर काढले असतील तर मात्र पुढचं सगळं तुमच्यासाठीही आहे.

आत नेमकं काय होतं ते आधी समजून घेऊ. उपवासाच्या साधारण पहिल्या दिवसभरात यकृतातला साखरेचा साठा संपतो आणि शरीर चरबी जाळायला लागतं. इन्शुलिन अगदी कमी होतं. फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांचे पेशींमधले साठे हळूहळू ओसरत जातात, पण रक्तातली पातळी बरेचदा नॉर्मल दिसते. अशा वेळी पोटात एकदम गोड आणि पिठूळ अन्न गेलं की इन्शुलिन झपाट्याने वाढतं. पेशी साखर आत घेतात आणि तिच्यासोबत हे तिन्ही क्षारही रक्तातून ओढून घेतात. रक्तातला फॉस्फरस कोसळतो. हृदयाच्या ठोक्यांना आणि श्वासाच्या स्नायूंना तो लागतोच. साखर वापरायला लागणारं थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, तेही तोवर तळाला गेलेलं असतं. वैद्यकात याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. १९४५ साली बर्गन-बेल्सनची छळछावणी मुक्त झाली, तेव्हा ब्रिटिश सैनिकांनी कळवळून आपल्याजवळचे डबाबंद पदार्थ उपाशी कैद्यांना वाटले आणि ते खाऊन अनेकजण दगावले. तिथे नंतर जे मिश्रण दिलं गेलं, ते १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेलं होतं.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: पारण्याच्या दिवशी भरपेट खाणं

ही चूक तपस्वी स्वतःहून क्वचितच करतो, ती प्रेमाने करवली जाते. हॉलमध्ये रांग लागते. आजी, मामा, काकू, व्याही, शेजारी, प्रत्येकाला आपल्या हाताने पारणं करवायचं असतं. एक चमचा राब (गूळ-पिठाची पातळ पेज), एक चमचा शिरा, एक घोट केशरी दूध. प्रत्येकाचा एकच चमचा, पण चाळीस माणसं असली की तासाभरात दोन-तीन वाट्या तूप-साखर पोटात जाते. पुण्याचं काम म्हणून कुणी नाही म्हणत नाही, आणि तपस्वीलाही नाही म्हणणं अवघड जातं.

प्रमाण किती असावं, याचा वैद्यकीय नियम साधा आहे. पाच दिवसांहून जास्त काळ जवळपास काहीच खाल्लं नसेल, तर पहिले दोन दिवस रोजच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त खायचं नाही. साठ किलोच्या माणसाला एरवी १८०० कॅलरी लागत असतील तर ९००, तेही दिवसभरात मिळून. वाटीभर तुपातला शिरा आणि एक तूप लावलेली पुरणपोळी यांतच त्यातला बराचसा भाग संपतो. दहा दिवसांच्या वर उपवास असेल तर डॉक्टर वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १० कॅलरींपासून सुरुवात करतात, म्हणजे त्याच माणसाला ६००. पंधरा दिवसांच्या वर गेलं तर त्याच्याही निम्म्याने, आणि हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून.

म्हणून घरातल्या एका खमक्या माणसाला पारण्याचा कारभार द्या. वाटी एकच, अर्धी भरलेली, आणि पाहुण्यांनी चमचा त्याच वाटीतला द्यायचा. वाटी संपली की उरलेल्यांनी अनुमोदना, म्हणजे तपाचं मनापासून कौतुक, करायची. सोहळा कमी होत नाही. पाहुण्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर कुणाचं मनही दुखत नाही.

सुरुवातच गोडाने करणं

गांधीजींनी १९४३ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमधला २१ दिवसांचा उपवास ३ मार्चला संत्र्याच्या रसाने सोडला. पण तो पाणी घातलेला आणि थोडासाच होता. आज उपोषण सोडवताना कॅमेऱ्यासमोर मोठा ग्लास भरून ज्यूस दिला जातो, आणि तो बहुतेक वेळा साखर घातलेला असतो. रस द्यायचाच तर पाव कप, तितकंच पाणी घालून, सावकाश.

माझ्या मते आपल्याकडची मुगाच्या पाण्याची रीत सगळ्यात शहाणी आहे. मुगात फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम आहे, थोडं थायमिनही आहे, साखर रक्तात हळू उतरते. फक्त मूग गाळून टाकून दिवसभर नुसतं वरचं पाणी पीत राहू नका. पहिल्यांदा पाणी चालेल, दुसऱ्या वेळेपासून शिजलेला मूग त्यातच घोटून घ्या. चिमूटभर मीठ, जिरे, थोडी सुंठ. गूळ घातलेली राब दोन-चार चमच्यांवर थांबवा.

दुधाचा मामला जरा नाजूक आहे. त्यात फॉस्फरस भरपूर, म्हणून ते उपयोगाचं. पण आठ दिवस रिकाम्या राहिलेल्या आतड्याला दुधातली साखर पचवणं जड जातं आणि पोट फुगतं, जुलाब होतात. पहिल्या दिवशी अर्धा कप कोमट, बिनसाखरेचं घेऊन बघा. ताक बहुतेकांना जास्त सोसतं. द्विदळाचा नियम (डाळी-कडधान्यं कच्च्या दूध-दही-ताकासोबत न खाण्याचा) पाळणाऱ्यांनी ताक आणि मूग वेगवेगळ्या वेळी घ्यावं.

दोनच बैठकी

थोडं-थोडं आणि वारंवार खा, असं डॉक्टर सांगतात. पण नवकारशी, म्हणजे दिवसाचं पहिलं खाणं, सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी आणि चौविहार, म्हणजे अन्नपाणी बंद, सूर्यास्ताला. मधल्या अकरा-साडेअकरा तासांत सहा वेळा अर्धी-अर्धी वाटी सहज बसते, आधी वेळा ठरवून ठेवल्या तर. अडचण होते ती पारण्याच्या दिवशी बियासणं, म्हणजे दिवसात दोनदाच खाण्याचं व्रत, धरणाऱ्यांची. दोनच वेळा बसायचं म्हटल्यावर माणूस साहजिकच पोटभर खातो. निदान पहिले तीन दिवस ही मर्यादा घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. महाराजसाहेबांना, म्हणजे जैन साधूंना, विचारलंत तर तब्येतीच्या कारणाने सवलत मिळू शकते, आणि विचारण्यात कमीपणा काहीच नाही.

पुढची चढण साधारण अशी ठेवता येते. दुसऱ्या दिवशी भाताची घट्ट पेज किंवा मऊ भात, घोटलेलं मुगाचं वरण, उकडलेला दुधी. तिसऱ्या दिवशी मऊ खिचडी, चमचाभर तूप, पिकलेली पपई किंवा केळं. चौथ्या-पाचव्या दिवशी फुलका, ज्वारीची पातळ भाकरी ताकात कुस्करून, साधी भाजी. तळलेलं, तिखट, मैद्याचं आणि लग्नाच्या पंगतीतलं आठवडाभर नको. पोटाने कुरकुर केली तर एक पायरी मागे या.

तुपाबद्दल एक इशारा वेगळा द्यायला हवा. लांबलेल्या उपवासात पित्ताशयातलं पित्त साचून दाट होतं. पहिलाच घास तुपकट गेला की पित्ताशय जोरात आकसतं, आणि आधीपासून खडे असतील तर उजव्या बरगडीखाली असह्य कळ उठते. याला ॲसिडिटी समजून अँटासिडवर दिवस काढू नका. पायाच्या अंगठ्याचा सांधा अचानक लाल होऊन ठणकला तर युरिक ॲसिड तपासा, उपवासात ते वाढतंच.

औषधं आपल्या मनाने सुरू करणं

मधुमेह असेल तर हा भाग दोनदा वाचा. ग्लिमेपिराईडसारख्या गोळ्या किंवा इन्शुलिन जुन्याच मात्रेत घेतलं आणि जेवण मात्र अर्धंच झालं, तर साखर धोकादायक खाली जाते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या उपवासात चालू राहिल्या तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. त्या पुन्हा कधी घ्यायच्या, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचंही तसंच, कारण उपवासाने दाब आधीच उतरलेला असतो आणि उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडायला होतं. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी नारळपाणी विचारल्याशिवाय पिऊ नये, त्यात पोटॅशियम बरंच असतं.

एक गोळी मात्र सुरू करायची असते, तीही जेवणाआधी. लांब उपवासानंतर थायमिन आणि बी-कॉम्प्लेक्स पहिला घास घेण्यापूर्वी देऊन पुढे दहा दिवस चालू ठेवतात. मात्रा आधीच विचारून ठेवा आणि पच्चक्खाण (उपवासाचा घेतलेला नियम) पारल्यावर पहिल्या पाण्यासोबत घ्या.

सूज आणि वजन पाहून घाबरणं, किंवा न घाबरणं

पारण्यानंतर दोन-तीन दिवसांत वजन एक-दोन किलो वाढलं, घोट्याशी थोडी सूज आली, तर बहुधा ते मीठ आणि पाणी पुन्हा धरलं जात असतं. खारट कमी करा, पाय उंचावर ठेवा, तरी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. शौचाला दोन दिवस झालं नाही, तर लगेच जुलाबाचं औषध नको. पण सुजेसोबत धाप लागत असेल, छातीत धडधडत असेल, हातपाय लुळे पडल्यासारखे वाटत असतील, मुंग्या येत असतील, चालताना झोक जात असेल, एकाचं दोन दिसत असेल किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल, तर तो "आठ दिवसांचा अशक्तपणा" नाही. त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात न्या.

अशा वेळी हमखास होणारी चूक म्हणजे कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन ताकदीसाठी ग्लुकोजची बाटली लावून घेणं. थायमिन न देता शिरेतून ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते आणि उरलासुरला फॉस्फरसही खाली येतो. केसपेपर लिहिणाऱ्याला पहिल्याच वाक्यात सांगा: किती दिवस निव्वळ पाण्यावर होते, पारणं कधी केलं, त्यात काय-काय खाल्लं. साध्या तपासण्यांमध्ये फॉस्फरस आणि मॅग्नेशियम बरेचदा नसतात, ते नाव घेऊन मागा. आणि उपवास संपतानाचा नॉर्मल रिपोर्ट जवळ असला तरी तपासणी पुन्हा करायचा आग्रह धरा, कारण हे आकडे खाणं सुरू झाल्यानंतर पडतात.