निकाल वहीच्या मागच्या पानावर लिहा

त्या रात्री पोकरच्या टेबलावर माझ्या हातात दोन एक्के होते, समोरच्याकडे दोन राजे. फ्लॉप, म्हणजे टेबलावरची सगळ्यांची पहिली तीन पानं, उघडायच्या आधीच दोघांच्या सगळ्या चिप्स टेबलाच्या मधोमध. टर्नवर, म्हणजे चौथ्या पानावर, तिसरा राजा पडला आणि माझे 20,000 रुपये गेले. महिन्यातून एकदा मी सावंतवाडीहून पणजीला जाते, मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर 100-200 ब्लाइंडच्या (दर डावाआधी दोघांनी सक्तीने लावायच्या रकमा) टेबलावर बसते. तो माझा पूर्ण बाय-इन होता, म्हणजे टेबलावर बसताना घेतलेली सगळी रक्कम. खरं नुकसान मात्र पुढच्या चाळीस मिनिटांत झालं. लगेच दुसरा बाय-इन घेतला आणि गेलेले पैसे वसूल करायला नव्वा-पंजासारखी पानंही खेळत बसले.

दोन एक्के दोन राजांपुढे शंभरात साधारण 82 वेळा जिंकतात. म्हणजे पहिला डाव मी बरोबर खेळले होते आणि नंतरचे बहुतेक चुकीचे. पैसे दोन्हीकडे गेले, त्यामुळे फरक कळायलाच दोन दिवस लागले. तेव्हापासून वही ठेवते.

ब्रेक झाला की उठून लिहायचं: माझी पानं, डीलर बटणापासून (दर डावाला एक जागा पुढे सरकणारी चकती) माझी जागा, पॉट (मध्ये जमलेली रक्कम) किती, समोरच्याने किती लावले, मी काय केलं आणि का. निकाल त्या पानावर नाही, मागच्या बाजूला. आठवड्याने पान काढायचं आणि निकाल न बघता पुन्हा ठरवायचं. उत्तर बदललं तर तो डाव अभ्यासाचा. ‘का’ची जागा कोरी राहिली असेल, तर जिंकलेला डावसुद्धा अभ्यासाचा.

माझ्या वहीत सर्वांत जास्त चुका एकाच प्रकारच्या निघाल्या. हातात दोन बदाम, फ्लॉपवर दोन बदाम; पाचवा आला तर फ्लश, म्हणजे एकाच रंगाची पाच पानं. पॉट 3,000, समोरचा 1,500 लावतो. मी 1,500 घालून एकूण 6,000च्या पॉटसाठी खेळणार, म्हणजे चारातून एकदा तरी जिंकायला हवं. न दिसलेली पानं 47, त्यांत बदाम 9. पुढच्या एका पानावर बदाम यायची शक्यता 19 टक्के, म्हणजे पाचातून एकदासुद्धा नाही. टर्न आणि शेवटचं पाचवं, अशी दोन्ही पानं बघायला मिळणार असतील तर 35 टक्के, पण टर्नवर तो पुन्हा पैसे लावणार नाही याची खात्री कोण देणार? बदाम आल्यावर त्याच्याकडून आणखी मोठी रक्कम निघेल असं वाटलं तरच कॉल (तेवढीच रक्कम घालायची), नाहीतर फोल्ड (पानं टाकून द्यायची). हा हिशोब घरी पत्ते मांडून इतका करा की टेबलावर बोटं मोजावी लागणार नाहीत.

जागेचं थोडक्यात: बटणावर बसलेला फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी बोलतो, सगळ्यांचं बघून ठरवतो. तिथे जास्त हात खेळा, सुरुवातीच्या जागांवर फार थोडे.

टिल्ट, म्हणजे हरल्याच्या रागात ताबा सुटणं, येतो तेव्हा डोक्याला कळत नाही, शरीराला कळतं. माझे कान तापतात आणि मी चिप्स भराभर ढकलायला लागते. तुमची खूण तुम्ही शोधा, वहीत लिहा. खूण दिसली की मी एक पूर्ण फेरी बाहेर बसते, डेकवर जाते. मोठा पॉट हरल्यावर त्याच रात्री दुसरा बाय-इन घ्यायचा नाही, हा नियम मी घरून निघतानाच पाळते: एकाच बाय-इनचे पैसे नेते, कार्ड घरी नवऱ्याकडे. पोकरचे पैसे वेगळ्या खात्यात, किमान तीस बाय-इन. वीसच्या खाली आले की लहान टेबल. घरखर्चातला रुपयाही तिकडे वळवायचा नाही.