ऑनलाइन ओळख झाली? या चुका टाळा

समोरचा माणूस खरा आहे का, एवढंच बहुतेक जण तपासत बसतात. पैशाचा विषय कोण आणि कसा काढतोय, तिकडे लक्षच जात नाही. घोळ तिथेच होतो.

फोटो गूगल लेन्सवर शोधला, कुठे सापडला नाही, म्हणजे प्रोफाइल खरं? एआयने बनवलेला चेहरा आधी इंटरनेटवर नसतोच, मग सापडणार कुठून! ‘पण आम्ही व्हिडिओ कॉलवर बोललोय’ यालाही आता फारसा अर्थ नाही. चालू कॉलमध्ये चेहरा बदलता येतो, आणि काही टोळ्या तर कॉलसाठी माणसंच पगारावर ठेवतात. म्हणजे माणूस खरा, बाकी सगळं खोटं. म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० लोकांना अशा फसवणुकीच्या कामाला जबरदस्तीने जुंपलं असावं, असा संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा २०२३ मधला अंदाज आहे. रोज गोड बोलणारा स्वतःच कुठेतरी डांबलेला असू शकतो.

समोरचा पैसे मागत नाही, उलट कमवायला शिकवतो, म्हणून निर्धास्त होणं ही त्याहून महागडी चूक. त्याने पाठवलेल्या ॲपवर थोडे पैसे टाकले की नफा दिसतो, थोडी रक्कम काढूनही घेता येते. ते आमिष असतं. मोठी रक्कम काढायला गेलात की ‘आधी कर भरा’, मग ‘खातं गोठलंय, शुल्क भरा’. ‘माझ्या नफ्यातूनच कापून घ्या’ असं म्हणून बघा. लगेच सबबी सुरू होतील, कारण तो नफा म्हणजे स्क्रीनवरचा नुसता आकडा.

ओटीपी, स्क्रीन शेअरिंग, गिफ्ट कार्डचे नंबर: यातलं काहीही मागितलं की बोलणं बंद. ‘घरी कुणाला सांगू नकोस’ म्हणाला, तर आधी घरीच सांगा.

खाजगी फोटो पसरवण्याची धमकी आली तर पैसे देऊ नका, दिले की मागणी वाढतच जाते. घाबरून चॅट डिलीट करू नका. स्क्रीनशॉट, प्रोफाइलची लिंक, खाते क्रमांक जपून ठेवा, मगच ब्लॉक करा. वय १८ च्या पुढे असेल, तर स्टॉपएनसीआयआय या मोफत सेवेत फोटो अपलोड न करता त्याचा डिजिटल ठसा तुमच्याच फोनवर तयार होतो. सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो ओळखून अडवू शकतात.

पैसे गेलेच असतील तर आधी बँक, लगोलग पोलीस. आणि पुढच्या काही दिवसांत ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, थोडी फी लागेल’ असा फोन आला, तर तोही बहुधा फसवणुकीचाच असतो, त्याच टोळीचा किंवा दुसऱ्या.