घरगुती इप्रॉम इरेझर: झाकण उघडताच ट्यूब विझली पाहिजे

इंदूरात जेल रोडला किंवा वॉटर प्युरिफायर दुरुस्त करणाऱ्याकडे ८ किंवा ११ वॉटची यूव्ही ट्यूब सहज मिळते. इप्रॉम म्हणजे वरच्या पारदर्शक खिडकीतून यूव्ही (अतिनील) प्रकाश देऊन पुसता आणि पुन्हा लिहिता येणारी मेमरी चिप. ती पुसायला लागणारा २५४ नॅनोमीटरचा प्रकाश हीच ट्यूब देते. लग्नाच्या मांडवातली 'ब्लॅक लाइट' ट्यूब इथे कुचकामी.

ट्यूब आणि चिप ठेवायचा डबा पत्र्याचाच घ्या आणि त्याला अर्थिंग करा. प्लॅस्टिक या प्रकाशात ठिसूळ होतं. झाकणाखाली २३० व्होल्टचा मायक्रोस्विच फेजच्या वायरमध्ये सिरीजला लावा, तोही नॉर्मली ओपन: झाकणाने दाबला तरच चालू. नुसता टायमर पुरत नाही, कारण घाईत झाकण उघडणारा हात टायमरकडे बघत नाही. डोळ्यांना इजा झाल्याचं लगेच कळतही नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं.

फटी तपासताना खोलीत पूर्ण अंधार करा आणि डोळा लावण्याऐवजी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. निळसर उजेड दिसला, तर तिथून यूव्हीही बाहेर येतोय. बिजागरीची बाजू हमखास गळते. आतून पत्र्याची दुमडपट्टी लावा.

चिपच्या खिडकीवरचा स्टिकरचा चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खिडकी ट्यूबपासून अडीच सेंटिमीटरवर ठेवून १५ ते २० मिनिटं द्या. मध्ये साधी काच नको, ती हा प्रकाश अडवते. वेळ संपल्यावर सगळे बाइट एफएफ (म्हणजे कोरे) आलेत का, ते वाचून बघा. नसतील तर आणखी ५ मिनिटं.

ट्यूब फुटलीच तर झाडू नका. त्यात पारा असतो. खिडक्या उघडा, तुकडे जाड कागदाने उचला.