४ बाय ५ साठी जुनी लेन्स घेताय? आधी शटर ऐका

जुना ४ बाय ५ कॅमेरा (४ बाय ५ इंचाच्या सुट्या फिल्म शीटवर फोटो काढणारा) हातात आला की बरेच जण लेन्सच्या नावात अडकतात, श्नायडर घेऊ की रोडेनस्टॉक, निक्कॉर की फुजिनॉन. अहो, मल्टिकोटिंग (काचेवरचे चमक कमी करणारे थर) आल्यानंतरची या चौघांपैकी कुठलीही चालेल, एफ २२ ला काढलेला फोटो बघून कुठली लेन्स ते मला तरी सांगता येत नाही. पैसे वाचवायचे असतील तर नाव सोडा आणि लेन्समध्येच बसवलेलं शटर बघा.

पहिली लेन्स १५० मिमीची घ्या. पूर्वी स्टुडिओवाल्यांनी भरपूर वापरल्या त्यामुळे १५० आणि २१० बाजारात ढिगाने आहेत आणि स्वस्त पडतात. श्नायडरच्या सिम्मर-एस १५० चं इमेज सर्कल, म्हणजे लेन्स फिल्मवर पाडते तो प्रतिमेचा गोल, एफ २२ ला २१० मिमी आहे, फिल्मचा कर्ण जेमतेम १५३, म्हणजे कड्याचा माथा घ्यायला लेन्स बऱ्यापैकी वर सरकवली तरी कोपरे काळे पडत नाहीत. वाइड हवी तर श्नायडरचीच सुपर अँग्युलॉन ९० एफ ८, तिला ६७ मिमीचा फिल्टर लागतो, एफ ५.६ वालीला ८२ चा, आणि ती जडही आहे. ग्राउंड ग्लासवर (मागच्या ज्या दुधी काचेवर फ्रेम बघतो तिच्यावर) उजेड जास्त मिळतो हे कबूल, पण हरिश्चंद्रगड चढताना तो उजेड कोण पाहतंय. साधी अँग्युलॉन ९० एफ ६.८ त्याहून छोटी आणि स्वस्त, पण ती ४ बाय ५ कसंबसं झाकते, वर सरकवायला जागाच नाही. लांबची हवी तर निक्कॉर-एम ३०० एफ ९, फक्त २९० ग्रॅम, पण आधी कॅमेऱ्याचा बेलोज (घड्यांचा भाता) ३०० मिमीच्या पुढे ताणतो का ते पट्टीने मोजा.

आता शटर. लँडस्केपला आपण एफ २२-३२ वर असतो, पहाटेचा उजेड, म्हणजे पाव सेकंद, अर्धा, एक असंच चालतं, १/५०० कधी लागतच नाही. आणि आतलं ग्रीस घट्ट झालं की आधी नेमके हेच हळू स्पीड झोपतात. माझी पहिली लेन्स ‘सगळं ओके’ म्हणून घेतली, १/१२५ ला खट्‌कन वाजायची, मी खूश. कोकणकड्यावर एक सेकंदाला लावली तर घर्रर्र... मध्येच दमली... आणि बऱ्याच वेळाने टक्. चार शीट स्लाइड फिल्म पांढरीफटक, वर गडाची चढाई फुकट. म्हणून विकणाऱ्याला सांगा, एक सेकंदावर पाच वेळा शटर मारून व्हिडिओ पाठव. घरघर एकसारखी हवी. दर वेळी सारखंच दीड सेकंद घेत असेल तरी चालेल, लेन्स बोर्डावर (ज्या पाटीवर लेन्स बसवून कॅमेऱ्याला लावतात) चिकटपट्टी लावून लिहून ठेवा, भाव मात्र पाडून घ्या. कधी एक कधी तीन असं असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च धरूनच किंमत बोला.

काच बघताना अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च तिरका मारा. धूळ, एखादा ओरखडा, सोडून द्या. आत कडेला पांढरे ठिपके दिसले तर घाबरू नका, तो काळा रंग उडालाय, श्नायडरमध्ये इतकं कॉमन आहे की त्याला श्नायडरायटिस म्हणतात, फोटोत काही दिसत नाही पण ठिपके दाखवून घासाघीस जरूर करा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर फंगस, ती मी घेत नाही, आपल्याकडच्या पावसाळ्यात ती वाढणारच. (चांगली लेन्ससुद्धा जून ते सप्टेंबर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, कपाटात कपड्यांमध्ये नको.) कडेला इंद्रधनुष्यासारखी झाक असेल तर दोन काचांमधला गोंद सुटतोय, थोडीशी असेल आणि फारच स्वस्त मिळत असेल तर बघा.

जपानमधून मागवताय तर कस्टम आणि कुरियर धरून हिशोब करा, नाहीतर स्वस्त लेन्स दारात येईपर्यंत महाग झालेली असते. बोर्डाचं भोक शटरच्या मापाप्रमाणे लागतं, कोपाल कंपनीच्या ० नंबरच्या शटरला ३४.६, १ ला ४१.६ आणि ३ ला ६५ मिमी. आणि हो, लेन्स बोर्डावर मागून आवळणारी रिटेनिंग रिंग सोबत आहे का ते विचाराच, फोटोत लेन्स बोर्डावर दिसते आणि पार्सलमध्ये रिंगच नसते, मग एवढ्याशा रिंगसाठी महिनाभर शोधाशोध.