कंपनी काढायची? आधी लाईट बिल कुणाच्या नावावर आहे ते बघा

वसमतला आम्ही दोघा भावांनी हळद पावडरची प्रायव्हेट लिमिटेड काढली, मग साडूची झाली, मग एका मित्राच्या डाळ मिलची, आणि आता दर पंधरा दिवसाला कुणीतरी फोन करायलंय की भाऊ, कंपनी कशी काढायची. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

व्हिडिओत दाखवतात तसं एकट्यानं घरबसल्या कंपनी निघत नसते. नोंदणीच्या फॉर्ममध्ये सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणपत्र लागतंच. त्यामुळं ओळखीतला सीए धरा आणि कागद मात्र स्वतः गोळा करा, कारण सीएला तुमच्या घराची भानगड माहीत नसते.

आणि कंपनी लागतेच का तेही बघा. एकट्याचं किराणा दुकान असेल तर उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी), गरज असेल तर जीएसटी, बास झालं. गेटवर बोर्ड लावायची हौस म्हणून कंपनी काढू नका, धंदा झाला नाही तरी दरवर्षी ऑडिट आणि रिटर्न आहेच. दोघा-तिघांचा घरगुती धंदा असेल अन् बाहेरचा पैसा घ्यायचा नसेल तर एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, स्वस्तात पडते, उलाढाल 40 लाखांच्या आणि भांडवल 25 लाखांच्या आत असेल तर तिला ऑडिट लागत नाही. शेतकरी उत्पादक कंपनी हा वेगळा प्रकार, तिला 10 शेतकरी लागतात, त्यात घोळ करू नका. आणि मर्यादित जबाबदारी म्हणून फार खूश होऊ नका, धंदा बुडाला तर शेअरमध्ये घातलेलाच पैसा जातो हे खरं, पण लोनला गेलात की बँक डायरेक्टरची वैयक्तिक हमी लिहून घेते, तिथं कसली मर्यादा अन् कसलं काय.

प्रायव्हेट लिमिटेडला दोन डायरेक्टर आणि दोन शेअरहोल्डर लागतात, तीच दोन माणसं चालतात. बायकोचं नाव नुसतं भरतीला टाकणार असाल तर तिला आधी नीट सांगा, दंड तिच्याही नावावर येतो. एक लाख भांडवल लागतंच असं अजूनही लोक सांगतात, ती अट 2015 लाच गेली. अधिकृत भांडवल, म्हणजे कंपनी जास्तीत जास्त जेवढ्याचे शेअर काढू शकते तो आकडा, 15 लाखांपर्यंत ठेवलं तर नोंदणी फी शून्य, स्टॅम्प ड्युटी वेगळी.

डिजिटल सही दोघांची काढून घ्या. आधार आणि पॅनवरचं नाव अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे, नाही जुळलं तर तिथंच थांबा, आधी ते दुरुस्त करा.

नाव. कंपनी नोंदवायचा ऑनलाइन फॉर्म म्हणजे स्पाइस प्लस, त्याच्या भाग अ मध्ये दोन नावं देता येतात, फी 1000 रुपये, मंजूर झालं की 20 दिवस तुमचं. जय भवानी, बळीराजा असली नावं आधीच ढिगानं घेतलेली आहेत, एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी कामकाज मंत्रालयाच्या) साईटवर आणि ट्रेडमार्कच्या साईटवर दोन्हीकडं शोधून बघा. पण नाव मंजूर करून घ्यायच्या आधी पत्त्याचे कागद हातात पाहिजेत, कारण ते 20 दिवस कसे जातात कळत नाही. आमचे तिथंच गेले.

झालं असं की नोंदणीकृत कार्यालय म्हणून आम्ही घराचीच पुढची खोली दाखवली. लाईट बिल आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन अकरा वर्षं झालेली, बिल वडील भरतात, गावात कुणी कधी विचारलं नाही. ना-हरकत पत्र वडिलांच्या सहीचं लावलं. फॉर्म परत. आमच्या एजंटनं सांगितलं काही नाही, भाडेकरार जोडा, तो वडिलांनीच करून दिलेला, पुन्हा परत. फॉर्म तपासणाऱ्या माणसाला एवढंच दिसतं की बिलावर एक नाव आणि सही दुसऱ्याची. दुरुस्तीला 15 दिवस मिळतात आणि तेवढ्यात महावितरणकडं नाव बदलून घेणं म्हणजे मृत्यूचा दाखला, आत्याची संमती, आत्या परभणीला, सगळं आलं. शेवटी मामाच्या दुकानाचा पत्ता दिला, बिल मामाच्याच नावावर, तेव्हा सुटलो.

तर नियम असा की लाईट, टेलिफोन किंवा गॅसचं बिल दोन महिन्यांच्या आतलं पाहिजे, ते जागेच्या मालकाच्या नावावर पाहिजे, आणि ना-हरकत त्याच मालकाची पाहिजे. मालकी दाखवायला गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना 8 लागतो, आणि इथं दहातले सात जण तलाठ्याकडून आठ-अ घेऊन येतात, तो शेतजमिनीचा खाते उतारा आहे, घराचा नाही! ग्रामसेवकाकडं जा. नगरपालिका असेल तर मालमत्ता कराची पावती.

फॉर्ममधला पत्ता बिलावर जसा छापलाय तसाच टाका, आपल्या अक्कलहुशारीनं "मारुती मंदिराजवळ" घालू नका. संभाजीनगर आणि धाराशिववाल्यांना जास्तीची कटकट, जुन्या कागदावर औरंगाबाद, उस्मानाबाद आणि नव्यावर नवं नाव, तेव्हा ताजं बिल डाउनलोड करा आणि ना-हरकत पत्रात दोन्ही नावं लिहा.

आणि एक वाट आहे जी आम्हाला कुणी सांगितली नाही. पत्त्याचे कागद जमतच नसतील तर फॉर्ममध्ये फक्त पत्रव्यवहाराचा पत्ता देऊन कंपनी नोंदवता येते, मग कार्यालयाचा पत्ता आयएनसी-22 फॉर्मनं 30 दिवसांत कळवायचा. पण हे 30 दिवस पाळायची खात्री असेल तरच करा. खोटा पत्ता किंवा ओळखीच्या कुणाचं रिकामं गोडाऊन दाखवू नका, कंपन्यांची नोंदणी करणाऱ्या रजिस्ट्रारला प्रत्यक्ष येऊन बघायचा अधिकार आहे आणि कार्यालय नाही सापडलं तर कंपनीचं नाव काढून टाकायचाही.

पत्ता जमला की भाग ब, नियमावली, उद्दिष्टं हे सीए भरतो. उद्दिष्टं मात्र वाचा, आमच्या हळदीच्या कंपनीत कुणाच्या तरी कापड धंद्याचं वाक्य कॉपी होऊन आलं होतं. पॅन, टॅन (टीडीएस भरायचा नंबर), व्यवसाय कर, पीएफ, ईएसआयचे नंबर सोबतच येतात. माणसं दोन-चारच असतील तर पीएफ-ईएसआयचा नंबर बघून घाबरू नका, माणसं वाढेपर्यंत भरायला काही नसतं.

प्रमाणपत्र आलं की पेढे वाटा आणि लगेच कामाला लागा. 30 दिवसांत पहिली बोर्ड मीटिंग आणि ऑडिटर. शेअरचे पैसे स्वतःच्या खात्यातून कंपनीच्या खात्यात टाका, रोख नाही, आणि 180 दिवसांच्या आत आयएनसी-20ए, म्हणजे धंदा सुरू करायच्या घोषणेचा फॉर्म, भरा, त्याआधी धंदा सुरू करता येत नाही. राहिला तर कंपनीला 50,000 दंड आणि डायरेक्टरला रोज 1000, एक लाखापर्यंत. साडूनं राखीपौर्णिमेपासून दिवाळीपर्यंत "करू की, करू की" म्हणत 171 व्या दिवशी भरला. बाहेर बोर्ड लावा, नुसता इंग्रजीत नको, मराठीतही पाहिजे, ते कायद्यातच आहे.