टॅरिफची बातमी आली की आपल्या खर्चावर किती फरक पडेल ते कसं काढायचं

टॅरिफ, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावरचा कर, 25 टक्के झालं अशी हेडलाइन आली की अर्धे लोक म्हणतात आता सगळं पाव पटीने महागणार आणि उरलेले म्हणतात छे, पैसे तर समोरचा देश भरणार. दोन्ही हिशोब कागदावर टिकत नाहीत. इथे मी अमेरिकेतल्या टॅरिफबद्दल लिहितोय, कारण 2018 पासून तिथे एकामागोमाग एक इतकी टॅरिफ लागली, काढली, परत लागली की कशामुळे काय होतं हे बऱ्यापैकी तपासून बघता येतं. ज्यांचा तिथे छोटा धंदा आहे, शेती आहे किंवा जे नुसते महिन्याचा किराणा भरतात, त्यांना हा हिशोब स्वतः करता यावा एवढाच हेतू आहे.

सगळ्यात आधी बघायचं की पैसे नक्की कोण भरतं. माल बंदरावर आला की ड्युटी, म्हणजे टॅरिफची रक्कम, भरायची जबाबदारी इम्पोर्टरची, म्हणजे कस्टम्सच्या कागदावर ज्याचं नाव आहे त्या अमेरिकन कंपनीची. चीन सरकार किंवा ब्राझील सरकार कस्टम्सच्या खिडकीवर चेक घेऊन येत नाही. आता समोरच्या विक्रेत्याने भाव कमी केला तर ओझं त्याच्यावर सरकतं हे खरं, पण 2018 च्या टॅरिफवर मेरी अमिती, स्टीफन रेडिंग आणि डेव्हिड वाइनस्टीन या अर्थतज्ज्ञांनी आकडे तपासले तेव्हा दिसलं की परदेशी विक्रेत्यांनी भाव जवळजवळ उतरवलेच नाहीत, ओझं बहुतेक सगळं अमेरिकेतच राहिलं. म्हणून हिशोबाला बसताना सुरुवातीला असंच धरा की पूर्ण ड्युटी आपल्या बाजूला येणार, नंतर सप्लायरने काही सोडलं तर तो फायदा समजा.

दुसरं, टक्का कशावर लागतो ते बघा. टक्का दुकानातल्या किमतीवर लागत नाही, इनव्हॉइसच्या किमतीवर लागतो, आणि अमेरिकेत तर त्यात बाहेरून येणारं जहाजभाडं आणि विमासुद्धा धरत नाहीत. समजा एक वस्तू 10 डॉलरला घेतली, भाडं वगैरे 1.20, म्हणजे दारात पडली 11.20 ला, आणि दुकानात विकली जाते 28 ला. 25 टक्के टॅरिफ म्हणजे अडीच डॉलर, दारातला भाव झाला 13.70. आता इथून पुढे दोन रस्ते आहेत. दुकानदाराने फक्त वाढलेले अडीच डॉलर पुढे ढकलले तर 30.50, म्हणजे साधारण 9 टक्के वाढ. पण तो नेहमीसारखा अडीच पट मार्कअप लावत असेल, म्हणजे दारातल्या भावाच्या अडीच पटीने विकत असेल, तर तीच वस्तू 34.25 ला जाते, 22 टक्क्यांच्या वर. बंदरावर टॅरिफ तेच लागलं आणि गिऱ्हाइकाला मात्र एवढा फरक! म्हणून आपला धंदा असेल तर हे आधी ठरवा की मार्कअप टक्क्यात धरायचा की डॉलरमध्ये. माझं मत विचाराल तर टॅरिफच्या काळात डॉलरमध्येच धरा, गिऱ्हाईक टिकतं, फक्त एक लक्षात ठेवा की कार्डाची फी, उधारीचं व्याज, माल खराब होण्याचं नुकसान हे सगळं वाढलेल्या किमतीवर लागतं, तेवढं त्यात मिळवायला विसरू नका.

आता किराणा. खाण्याच्या वस्तूंचे मनातल्या मनात गट पाडा म्हणजे गोंधळ होत नाही.

एक गट म्हणजे जे तिथे पिकतच नाही. कॉफी घ्या. अमेरिकेत हवाई आणि पोर्टो रिको सोडलं तर कॉफी जवळजवळ होत नाही, गरजेच्या एक टक्कासुद्धा नाही. बाहेरून येणाऱ्या कॉफीचा साधारण तिसरा हिस्सा एकट्या ब्राझीलचा. ऑगस्ट 2025 मध्ये ब्राझीलच्या मालावर एकूण 50 टक्के टॅरिफ लागलं आणि कॉफीला त्यातून सूट नव्हती. आता इथे देशी शेतकऱ्याला संरक्षण वगैरे मुद्दाच येत नाही कारण तो शेतकरीच नाही, पर्याय म्हणजे कोलंबिया किंवा व्हिएतनामची कॉफी, पण त्यांच्यावरही टॅरिफ होतंच आणि एवढा माल ते अचानक आणणार कुठून. त्यामुळे अशा वस्तूत भाववाढ जवळजवळ अटळ धरा. नोव्हेंबर 2025 मध्ये शेवटी कॉफी, केळी, बीफ अशा बऱ्याच वस्तूंवरची ही टॅरिफ काढली. पण कॉफीची सगळी भाववाढ टॅरिफच्या माथी मारू नका, ब्राझीलमधल्या दुष्काळाने भाव त्याच्या आधीच चढलेले होते. कुठलाही भाव बघताना टॅरिफ लागायच्या आधीचे सहा महिने बघा, तो तेव्हाच चढत होता का. आणि टॅरिफ काढलं म्हणजे दुसऱ्या दिवशी भाव उतरतो असंही नाही, महाग घेतलेला स्टॉक आधी विकला जातो.

दुसरा गट म्हणजे जे तिथे पिकतं पण बारा महिने पुरत नाही. अमेरिकेत ताज्या फळांतली निम्म्याहून जास्त आणि ताज्या भाज्यांतली एक तृतीयांशाहून जास्त बाहेरून येतात. टोमॅटोचं उदाहरण नीट समजून घेण्यासारखं आहे. 14 जुलै 2025 पासून मेक्सिकोच्या बहुतेक ताज्या टोमॅटोवर 17.09 टक्के अँटी-डंपिंग ड्युटी (बाहेरचा विक्रेता वाजवीपेक्षा कमी भावात माल ओततो असं ठरलं की लागते ती) लागली. मग नोव्हेंबरच्या सूट दिलेल्या यादीत टोमॅटोचं नाव आलं आणि बऱ्याच जणांना वाटलं सुटलो. पण ती सूट वेगळ्या टॅरिफमधून होती, अँटी-डंपिंगचा कायदा निराळा, ती ड्युटी तशीच राहिली. एकाच वस्तूवर दोन-तीन कायद्यांखालचे थर बसलेले असू शकतात, म्हणून बातमीत नुसतं वस्तूचं नाव बघून खूश किंवा दुःखी होऊ नका, कुठला थर लागला आणि कुठला निघाला ते वाचा.

तिसरा गट लोकांच्या लक्षातच येत नाही, तो म्हणजे डबा. आतला टोमॅटो, बीन्स सगळं देशी असलं तरी पत्रा बऱ्याचदा बाहेरचा असतो, अमेरिकेतल्या कॅनिंग कंपन्या डब्यांचा पत्रा मोठ्या प्रमाणात आयात करतात. स्टीलवर 2018 मध्ये 25 टक्के आणि जून 2025 मध्ये बहुतेक देशांसाठी 50 टक्के लागलं. स्वस्तातल्या डब्यात पत्र्याच्या खर्चाचा वाटा जास्त असतो, म्हणजे जो कमी पैशात घर चालवतो त्याच्या पिशवीतल्या वस्तूला हे जास्त लागतं, आणि हे मला खरंच खुपतं.

शिवाय ज्या वस्तूवर टॅरिफ नाही तीही महागते. फेब्रुवारी 2018 मध्ये बाहेरच्या वॉशिंग मशीनवर टॅरिफ लागलं. भाव वाढले साधारण 12 टक्के, पण देशी मशीनचेही वाढले, आणि ड्रायरवर टॅरिफ नसताना ड्रायरही जवळपास तेवढाच महाग झाला, कारण लोक दोन्ही जोडीने घेतात आणि कंपन्यांनी वाढ दोघांत वाटून टाकली. तर आपल्या यादीत देशी माल आहे म्हणून निवांत राहू नका, त्याचा बाहेरचा स्पर्धक महाग झाला की यालाही भाव वाढवायला जागा मिळते.

आता शेती, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे. अमेरिकेत 2022 च्या शेती जनगणनेप्रमाणे साधारण 19 लाख फार्म आहेत आणि त्यातले 95 टक्क्यांच्या आसपास कुटुंबाचेच आहेत. या शेतकऱ्यावर मार दोन बाजूंनी येतो. खरेदीच्या बाजूला खत, मशीन, सुटे भाग, धान्य साठवायच्या टाक्यांचं स्टील. पोटॅश खतच घ्या, अमेरिका बाहेरून घेते त्या पोटॅशपैकी साधारण 80 टक्के कॅनडातून येतं. मार्च 2025 मध्ये कॅनडावर 25 टक्के लागू झाल्यावर काही दिवसांतच पोटॅशसाठी ते 10 वर आणलं आणि कॅनडाबरोबरच्या व्यापार करारात बसणाऱ्या मालाला सूट दिली, तेही पेरणी तोंडावर असताना. आता ज्याने मधल्या चार दिवसांत घाबरून खत बुक केलं त्याचं काय.

विक्रीच्या बाजूला समोरचा देश उलट टॅरिफ लावतो आणि तो नेमका शेतमालावर लावतो, कारण तिथे राजकीय दुखणं जास्त. जुलै 2018 मध्ये चीनने अमेरिकन सोयाबीनवर 25 टक्के लावलं. 2017 मध्ये चीनला साधारण 12 अब्ज डॉलरचं सोयाबीन गेलं होतं, 2018 मध्ये ते 3 अब्जांच्या आसपास आलं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अंदाजाप्रमाणे 2018 च्या मध्यापासून 2019 च्या शेवटापर्यंत शेतमालाच्या निर्यातीचं 27 अब्ज डॉलरचं नुकसान झालं, त्यातलं बहुतेक सोयाबीनचं. सरकारने मदत दिली, दोन हप्त्यांत 12 आणि 16 अब्ज जाहीर केले. पण चीनने तोपर्यंत ब्राझीलकडून खरेदी वाढवली होती, ब्राझीलने जमीन आणि बंदरं वाढवली, आणि पुढे चीनने परत बरीच खरेदी केली तरी त्या बाजारातला अमेरिकेचा पूर्वीचा वाटा काही परत आला नाही. मदतीच्या चेकने एक वर्षाचं कर्ज फिटतं, पण गेलेला बाजार तेवढ्याने परत येत नाही.

मग शेतकऱ्याने काय बघायचं? शिकागोचा वायदा भाव सगळे बघतात, पण तुमच्या हातात येतो तो जवळच्या एलिव्हेटरचा (धान्य विकत घेऊन साठवणाऱ्या कोठाराचा) भाव, आणि त्या दोघांतल्या फरकाला बेसिस म्हणतात. टॅरिफचा मार पहिला तिथे दिसतो. नॉर्थ डकोटाचं सोयाबीन रेल्वेने पॅसिफिक किनाऱ्यावर जाऊन तिथून चीनला जातं, त्यामुळे चीनने खरेदी थांबवली की तिथला बेसिस पडतो, पण ज्या भागात जवळच तेल काढायचा कारखाना आहे तिथे तेवढा पडत नाही. हिशोब सोपा आहे. एकरी 50 बुशेल (धान्य मोजायचं तिथलं माप) धरा, बेसिस बुशेलमागे 50 सेंटने घसरला तर एकरी 25 डॉलर गेले, 500 एकरांवर साडेबारा हजार. ट्रॅक्टरचा हप्ता आणि जमिनीचं भाडं तेवढंच राहतं, म्हणजे हे साडेबारा हजार सरळ घरात येणाऱ्या पैशातून जातात. म्हणून मागच्या पाच वर्षांचे कापणीच्या महिन्यांतले बेसिस एका वहीत काढून ठेवा, खत आणि सुटे भाग एकदम न घेता दोन-तीन टप्प्यांत घ्या, आणि सरकारी मदत बजेटमध्ये धरू नका, ती मिळाली तर मिळाली.

आणि हे असं समजू नका की भांडण मिटलं की टॅरिफ निघतं. साठच्या दशकात युरोपने अमेरिकन कोंबडीवर टॅरिफ वाढवलं म्हणून 1964 मध्ये अमेरिकेने बाहेरच्या हलक्या ट्रकवर 25 टक्के लावलं. कोंबडीचं भांडण विसरलं गेलं, पण ट्रकवरचं टॅरिफ त्यानंतर साठ वर्षांनीही होतंच. आणि पिकअप ट्रकवर ज्यांचं रोजचं काम चालतं त्यांत शेतकरी आणि छोटे कॉन्ट्रॅक्टर आलेच.

छोट्या धंद्यात टक्क्यापेक्षा जास्त घोळ रोकड घालते. ड्युटी माल सुटल्यावर 10 कामाच्या दिवसांत भरायची असते, महिन्याच्या स्टेटमेंटवर असाल तर पुढच्या महिन्यात, आणि माल विकून पैसे यायला मात्र दोन-तीन महिने लागतात. त्यात कस्टम्स बाँड असतो, म्हणजे ड्युटी बुडणार नाही याची हमी, तो मागच्या वर्षभराच्या ड्युटी आणि फीच्या 10 टक्के आणि कमीत कमी 50,000 डॉलरचा लागतो. आधी वर्षाला एक लाख ड्युटी भरत होतात तर कमीत कमीवर भागत होतं, ती आठ लाख झाली की बाँड 80,000 चा, आणि बाँड देणारी कंपनी तारण मागू शकते. मोठ्या कंपनीला हे जाणवतही नाही, छोट्याचा एका सीझनचा माल यातच अडकतो. तेव्हा पुढच्या सहा महिन्यांच्या शिपमेंट लिहा, प्रत्येकीसमोर ड्युटी किती आणि कुठल्या तारखेला ते लिहा, आणि मग ऑर्डर द्या.

मग आपला एचटीएस कोड, म्हणजे वस्तूवर कुठली ड्युटी लागते ते ठरवणारा क्रमांक, स्वतः तपासा. दहा आकडी असतो, त्यातले पहिले सहा जगभर सारखे. सप्लायरने दिलेला कोड डोळे मिटून वापरू नका, चुकीची जबाबदारी तुमचीच. शंका असेल तर कस्टम्सकडून लेखी बाइंडिंग रूलिंग (त्यांच्यावर बंधनकारक असा निर्णय) मागता येतं, फी नाही. मालाचा देश म्हणजे तो जिथून जहाजात चढला तो देश नव्हे, चीनमध्ये बनलेला माल व्हिएतनाममध्ये नुसता नव्या खोक्यात भरला तर तो चीनचाच धरला जातो. कोणी असा जुगाड सुचवला तर हात जोडा, दंड जबर आहे. छोटी पार्सलं मागवून धंदा करणाऱ्यांची 800 डॉलरपर्यंतची ड्युटी-सूट चीनसाठी मे 2025 मध्ये आणि बाकी सगळ्या देशांसाठी 29 ऑगस्ट 2025 ला बंद झाली, त्यामुळे जुन्या पद्धतीने किंमत लावत असाल तर ती परत मांडा.

माल पुन्हा बाहेर निर्यात करत असाल तर ड्रॉबॅकमध्ये भरलेल्या ड्युटीच्या 99 टक्के परत मिळतात, पण प्रत्येक टॅरिफला ही सोय नाही, 2025 मध्ये स्टीलवरच्याला नव्हती, आधी कस्टम्स ब्रोकरला विचारा. गिऱ्हाइकाशी लांबचं कॉन्ट्रॅक्ट करताना ड्युटी बदलली तर भाव बदलेल अशी एक ओळ टाका, आणि बिलावर ती रक्कम वेगळी दाखवा म्हणजे कमी झाली की कमीही करता येते.

ड्युटी चुकीची लागली असं वाटलं तर कस्टम्सने एन्ट्रीचा, म्हणजे त्या आयातीच्या नोंदीचा, हिशोब अंतिम केल्यापासून 180 दिवसांत प्रोटेस्ट (हरकत) करता येतो. हा हिशोब अंतिम व्हायला साधारण दहा महिने लागतात आणि तोवर कागद इकडेतिकडे गेलेले असतात, तेव्हा प्रत्येक एन्ट्रीचं इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि ड्युटी भरल्याची पावती एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि अंतिम व्हायची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. कागद पाच वर्षं सांभाळणं तसंही कायद्याने बंधनकारक आहे.