ऑक्टोबरातच पायरीवर पाणी ओतून बघा

इथे कॅनडात, टोरांटोशेजारच्या मिसिसागात दारापुढच्या पायऱ्यांचे पोपडे निघाले की जो तो थंडीच्या नावाने बोटं मोडतो. नुसत्या थंडीने काँक्रीटचं फारसं काही बिघडत नाही. वैरी आहे पाणी. बारीक छिद्रांत मुरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि वरचा थर उचकटून टाकतं. त्यात टोरांटोच्या आसपास रात्री उणे सहा, दुपारी अधिक तीन, हा खेळ हिवाळाभर चालू. सतत उणे वीसमध्ये राहणारी पायरी एक वेळ बरी.

तेव्हा ऑक्टोबरात कोरड्या पायरीवर पेलाभर पाणी ओता. थेंब थेंब होऊन वरच राहिलं, तर यंदा सुट्टी. बघता बघता काळपट डाग पडून आत जिरलं, तर सीलर, म्हणजे पाणी आत शिरू न देणारा लेप, लावायलाच हवा. डब्यावर सिलेन किंवा सिलॉक्सेन लिहिलेलं बघून घ्या. तो आत मुरतो, तरी आतली ओल वाफ होऊन बाहेर पडू शकते. चकचकीत ॲक्रिलिक सीलर दिसायला झकास, पण ओल्या पायरीवर पाय सटकलाच म्हणून समजा. भेगा भरा, पायऱ्या धुऊन खडखडीत वाळू द्या आणि १० अंशांच्या वरचा कोरडा दिवस धरा. काँक्रीट नवं असेल तर आधी २८ दिवस जाऊ द्या.

छपराच्या पन्हळीचा पाइप पायऱ्यांपाशीच सुटत असेल, तर हे सगळं मुसळ केरात. जोडपाइप लावून पाणी पाच-सहा फूट लांब, उताराकडे काढा. (शेजाऱ्याकडे नव्हे!) पेव्हरच्या (अंगणात बसवलेल्या फरशी-ठोकळ्यांच्या) सांध्यांतली वाळू वाहून गेली असेल तर तीही आत्ताच भरा.

आता बर्फ वितळवायला टाकतो ते मीठ. आई-बाबा भारतातून आलेले असले की कुणी घसरू नये म्हणून हात सैल सुटतो, कळतं मला. पण आधी बर्फ ओढा, मग मीठ टाका. वीस फुटी ड्राइव्हवेला कॉफीचा एक मग मीठ पुरतं. उणे १० च्या खाली साधं मीठ जवळपास निकामी. तिथे कॅल्शियम क्लोराइड किंवा सरळ वाळू. पिशवीवर अमोनियम नायट्रेट किंवा अमोनियम सल्फेट दिसलं तर ती दुकानातच ठेवा, ते काँक्रीट अक्षरशः खातं. नव्या काँक्रीटला पहिला हिवाळा फक्त वाळू. आणि फावडं प्लॅस्टिकच्या पात्याचं घ्या. लोखंडी पात्याने पायरीच्या कडेचे टवके उडतात, तिथूनच पाणी आत शिरतं.